शेवटच्या माणसाची शिट्टी

११ जानेवारी, रविवार

कंपनीत अठ्ठावीस वर्षं शिफ्टचं लॉगबुक लिहिलं. पत्रा ठोकणाऱ्या कुठल्या प्रेसवर किती माल निघाला, कोण उशिरा आला, काय बिघडलं. रिटायर होऊन सात महिने झाले, पण हात नुसता शिवशिवतोय. आज म्हाळसानं कोरी डायरी माझ्यापुढं आणून टाकली. "काय लिहायचं ते यात लिहा, माझं डोकं खाऊ नका," म्हणाली. बायको आहे, तिला एवढं बोलायचा हक्क आहे.

तर लिहिण्यासारखं घडलंय. सकाळी आमचा सायकल ग्रुप भिगवण रोडला सारजाबाईच्या टपरीवर चहाला थांबला होता. रविराज म्हणजे आमच्यातला सगळ्यात घाईचा गडी. त्यानं विषय काढला. आठ फेब्रुवारीला पळसदेवला जाऊ, उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरलेत, ते बघू, मासे खाऊ, परत येऊ. चाळीस किलोमीटर जायचं, चाळीस यायचं. सगळ्यांची नजर बापूसाहेबांच्या काठीवर गेली.

मागच्या वर्षी ह्याच दिवसांत उसाच्या ट्रॅक्टरनं बापूसाहेबांना उडवलं. ट्रॅक्टर पुढं गेला, त्याच्यामागचा ट्रेलर गेला, हे समजले सुटलो, आणि सायकल परत डांबरावर घेतली. दुसरा ट्रेलर यायचाच होता. बाहेर आलेल्या मोळीनं माणूस उचलून चारीत टाकला. खुबा मोडला. तेव्हापासून आमचं लांब जाणं बंद.

मी म्हणालो, जायचं. पण माझ्या पद्धतीनं. प्लॅन माझा, आणि ओळीत शेवटचा माणूस मी. बापूसाहेब म्हणाले, "मानसिंगराव, तुमी मागं हाय म्हटल्यावर मीसुदिक आलो असतो." छाती भरून आली. अठ्ठावीस वर्षांत माझ्या शिफ्टला एकाचंही बोट गेलेलं नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

शिट्ट्यांचा कायदा केला. मागून काय येतंय हे शेवटच्या माणसानं, म्हणजे मी, पुढच्यांना शिट्टीनं सांगायचं. एक शिट्टी म्हणजे मोटारसायकल किंवा गाडी, ओळ धरून डावीकडं राहा. दोन म्हणजे एका ट्रेलरचा ट्रॅक्टर. तीन म्हणजे जोड ट्रेलर, सरळ डांबर सोडून साइडपट्टीवर उतरा. मान वळवून मागं बघायचं नाही, कारण मान वळली की हँडल वळतं. सगळं पुढं गेलं की मी एक लांबलचक शिट्टी मारणार. ती 'मोकळं'. ती झाल्याशिवाय कुणी डांबरावर यायचं नाही. बापूसाहेबांची चूक परत होणे नाही.

रविराज म्हणतो, "काका, त्यापेक्षा सगळ्यांच्या हँडलला आरसे बसवू." म्हटलं, चौदा जण आरशात बघत बसले तर पुढचे खड्डे कोण बघणार, तुझा आजा? लक्ष एकानं ठेवायचं, बाकीच्यांनी त्याचं ऐकायचं. प्रेसवर असंच चालतं.

घरी मात्र कटकट. म्हाळसा शेजारी गेली होती, येऊन बघते तर डाळीचा कोळसा. "तीन शिट्ट्यांवर बंद करा म्हणून सांगून गेले होते की वो!" मी बाहेरच्या खोलीतच बसलो होतो. एकही शिट्टी झाली नाही. कुकरची शिट्टीच बिघडली असणार. संध्याकाळी नवी आणून दिली. टीव्हीवाल्यांनीसुद्धा हल्ली आवाज बारीक केलाय. मी वाढवतो, ही कमी करते.

१८ जानेवारी, रविवार

गंगारामला मागं बसवून मोटारसायकलवर सगळा रस्ता बघून आलो. गंगाराम वडगाव निंबाळकरचा. माझ्या शिफ्टला आम्ही दोघं एका प्रेसपाशी बावीस वर्षं. मग कंपनीच्या तपासणीत त्याचे कान नापास झाले आणि त्याला स्टोअरला नट-बोल्ट मोजायला बसवला. माणूस स्टोअरला गेला की संपला. आता तो कानात मशीन घालतो. मी भेटलो की ते मशीन रेडिओ असल्यासारखं विचारतो, "काय गंगाराम, लागलं का स्टेशन?" तो मला शिव्या घालतो.

माझी तपासणी दरवर्षी पास. त्याची गंमत लिहून ठेवतो. काचेच्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडं बसलेली पोरगी आवाज सोडते तेव्हा तिचं कोपर हलतं. कोपर हललं की मी दाबायचो. शंभर टक्के! सुपरवायझर उगाच नाही झालो. कानात घालायचे बोळे पोरांना सक्तीनं घालायला लावायचो, स्वतः कधी घातले नाहीत. मशीनचा सूर ऐकल्याशिवाय बिघाड कळतो होय?

रस्त्याचं सांगायचं तर कळसच्या अलीकडचा चढ वाईट आहे. तिथल्या पुलाला कठडा नाही, खाली आठ-दहा फुटांवर दगड. स्पीडब्रेकरना पांढरा पट्टा नाही. डांबरावर उसाचं पाचट पडलेलं असतं, दव पडलं की टायर घसरतो. आणि ट्रॅक्टर. कारखाने जोरात चालू आहेत, एकामागं एक लागूनच येतात.

त्याच चढाला गंगारामनं पाठीत बुक्की घातली. "मान्या, बाजूला घे की! कवापास्नं हॉर्न मारतोय त्यो!" मी घेतली, ट्रॅक्टर घासून गेला. म्हटलं, हॉर्न कुठला आलाय, तुझ्या मशीनमध्येच खरखर झाली असंल. घरी येईपर्यंत तो काहीच बोलला नाही. उन्हानं दमला असणार.

२२ जानेवारी, गुरुवार

गंगारामची साक्षी पळसदेवला येणार! पोरगी एमआयडीसीत दुधाच्या प्रयोगशाळेत आहे, ड्यूटीला सायकलवरच जाते, पण घोळक्यात आणि एवढं लांब पहिल्यांदाच. "मानसिंगकाका मागं असल्यावर मला कसली भीती?" असं ग्रुपवर लिहिलं तिनं. मी तिला माझ्या बरोब्बर पुढं ठेवणार आहे. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून प्रेसशॉपची पूजा बघितलेली पोर आहे ती.

संध्याकाळी गंगाराम स्वतः घरी आला. मी अंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर तो आणि म्हाळसा स्वयंपाकघरात बोलत उभे. मला बघून दोघं गप्प. म्हाळसाचा चेहरा उतरलेला. "काय खलबतं चाललीत?" विचारलं तर म्हणे काही नाही. गंगाराम जाताना माझा हात धरून उभा राहिला, तोंड उघडलं, परत मिटलं आणि म्हणाला, "पोर तुझ्या हवाली हाय." एवढंच सांगायला वडगावाहून यायचं?

हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात. आमच्या शॉपमध्ये असं कुणी बोललं असतं तर दिवसभर कुणाला पत्ता लागला नसता.

२५ जानेवारी, रविवार

कालव्याच्या रस्त्यानं तालीम घेतली. सगळ्यांना पिवळी जाकिटं, डोक्यावर हेल्मेट, मागं लाल दिवा. दोन-दोनच्या जोड्या नाहीत, एकेरी ओळ, मध्ये दोन सायकलींचं अंतर. रविराज तीनदा ओळ सोडून पुढं पळाला. ओरडलो, "कान फुटलेत का तुझे? मागं ये!"

एक गोष्ट मनाला लागली. दुधाचा पिकअप मागून आला आणि साक्षीच्या अगदी जवळून गेला. ती डगमगली. मी तिला सगळ्यांदेखत झापलं, हँडल सरळ धरता येत नसेल तर घरी बस म्हणून. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर हळूच म्हणाली, "काका, त्याला शिट्टी झाली न्हाय." मी म्हटलं, नव्या गाड्यांना आवाजच नसतो, कुणाला कळणार?

एवढं बोलायला नको होतं तिला. माझी जीभ फार वाईट आहे.

२७ जानेवारी, मंगळवार

साक्षी ड्यूटीवरून येताना घरी आली. मला वाटलं रुसली असेल, तर पोरगी हसत उभी. हातात एक छोटा गोल आरसा, हँडलला लावायचा. "पप्पांनी दिलाय तुमच्यासाठी."

नाकाला मिरच्याच झोंबल्या. मला आरसा! ज्यानं स्टोअरमध्ये बसून नट मोजले त्यानं मला सेफ्टी शिकवायची? तिच्यासमोर काही बोललो नाही, चहा पाजला. ती गेल्यावर आरसा टेबलाच्या खणात टाकला. म्हाळसा म्हणाली, "लावा की, काय बिघडतंय?" मी म्हटलं, तू तुझा कुकर सांभाळ.

१ फेब्रुवारी, रविवार

आज काम मोठं झालं. कारखान्याच्या अलीकडं ट्रॅक्टर रांगेत उभे राहतात, तिथं आम्ही सहा जण गेलो आणि ट्रेलरच्या मागच्या बाजूला चमकणाऱ्या पट्ट्या चिकटवल्या. सगळ्या ड्रायव्हरांना हात जोडून सांगितलं, आठ तारखेला सकाळी आम्ही रस्त्यावर आहे, सांभाळून घ्या. बहुतेक बीडकडची पोरं. त्यांनीच आम्हाला चहा पाजला.

त्यातला एक, भागिनाथ नावाचा, माझ्याकडं बघतच राहिला. "सायेब, तुमीच न्हाई का त्या दिशी कळसाच्या चढाला? मोटारसायकलवर, मागं एक म्हातारं बसल्यालं? धा हॉर्न दिले मी. मला वाटलं, ह्या माणसाला मरायचंच हाय." सगळे हसले. मी म्हटलं, दुसरं कुणीतरी असेल. तो म्हणाला, "असंल बी," आणि माझ्या पट्ट्या घेऊन स्वतःच्या ट्रेलरला लावायला गेला. चांगला पोरगा आहे. दोन्ही ट्रेलरला चार-चार लावल्या त्यानं.

मी त्याच्याशी खोटं बोललो. म्हणजे खोटं असं नाही. गंगारामनं सांगितलं तेव्हा मी बाजूला घेतलीच होती की.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कुणाला सांगण्यासारखं नाही, पण लॉगबुकात खोटं लिहायचं नसतं.

सकाळी एकटाच सारजाबाईच्या टपरीवर गेलो. रस्त्याकडं पाठ करून बाकावर बसलो आणि डोळे मिटले. म्हटलं, मागून येणाऱ्या गाड्या नुसत्या कानानं मोजून बघू. सारजाबाईला सांगितलं, तुम्ही डोळ्यांनी मोजा, माझ्या पाठीमागून जी गाडी इकडं येईल तिला एक शेंगदाणा ताटलीत टाका. ती म्हणाली, "हे आणि काय खूळ सायेब?" पण बसली बिचारी.

अर्ध्या तासात मी नऊ मोजल्या. ताटलीत एकतीस शेंगदाणे होते.

मी तिच्यावरच उखडलो. मोटारसायकली धरू नका म्हटलं होतं, समोरून येणाऱ्या धरू नका म्हटलं होतं. ती म्हणाली, "न्हाय धरल्या वो. देवाशप्पथ न्हाय धरल्या. सा तर ट्रॅक्टरच हुते." मी म्हटलं, तुमचं मोजमाप कच्चं आहे. ती अगदी मऊ आवाजात काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते मी विचारलं नाही.

ते शेंगदाणे खिशात टाकून आणलेत. इथं टेबलावर आहेत.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगून टाकायचं असं ठरवून बापूसाहेबांकडं गेलो. वाक्यही तयार केलं होतं, "मागं रविराजला ठेवा, मी पुढं राहतो." कारण विचारलं तर गुडघा दुखतोय म्हणणार होतो.

बापूसाहेब वाटच बघत होते. एक डबी पुढं केली. आत पितळेची शिट्टी. ते शाळेत ड्रिल घ्यायचे तेव्हाची, चाळीस वर्षांची. "मला मागल्या वर्साला कुणी शिट्टी मारली असती तर मी आज ह्या काठीवर नसतो, मानसिंगराव. ही तुमच्याच गळ्यात शोभंल." त्यांच्या डोळ्यांत पाणी. मी शिट्टी गळ्यात घातली आणि गुडघ्याचं काही बोललो नाही.

शिफ्ट गेली, खुर्ची गेली. चौदा माणसांनी मागच्या माणसावर भरवसा ठेवला आहे. तो मी नसेन तर मी कोण, सकाळी दूध आणून देणारा म्हातारा? आणि शेवटी एका दिवसाचा तर प्रश्न आहे.

८ फेब्रुवारी, रविवार, सकाळी

निघतोय. खणातला आरसा काढून हँडलला लावला. कुणी विचारलं तर सांगेन, साक्षीनं दिला, तिचं मन मोडायला नको म्हणून लावला.

म्हाळसा दारात उभी होती. म्हणाली, "नका जाऊ मागं. पुढं राहा." मी ऐकलं, पण न ऐकल्यासारखं केलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

जसं झालं तसं लिहितो.

काल जाताना सगळं नीट पार पडलं. आरशात ट्रॅक्टर दिसायचा, मी तीन मारायचो, सगळे खाली, मग लांब शिट्टी, सगळे वर. सातदा झालं असं. पळसदेवला पाण्याकाठी उभे राहिलो, पक्षी बघितले, साक्षीनं सगळ्यांचे फोटो काढले. तिनं माझा आरसा बघितला आणि हसली. मला वाटलं, उगाच घाबरत होतो.

परत येताना कळसच्या पुढं, त्याच चढावर, आरशात जोड ट्रेलर दिसला. तीन शिट्ट्या मारल्या. सगळे साइडपट्टीवर उतरले, मीही उतरलो. साइडपट्टीवर खडी होती, सायकल दणकली आणि आरसा फिरला. त्यात नुसतं आभाळ. ट्रॅक्टर शेजारून गेला, त्याच्यावर गाणं मोठ्यानं लागलं होतं, ते मला ऐकू आलं. एक ट्रेलर गेला. दुसरा गेला. मी मोजले. मान वळवायची नाही हा माझाच कायदा, म्हणून मागं बघितलं नाही. मागं शांत होतं. मी लांब शिट्टी मारली. मोकळं.

सगळे वर आले. साक्षी माझ्यापुढं, तीही वर आली.

त्याच्यामागं लागूनच दुसरा ट्रॅक्टर होता.

माझ्या कोपराशेजारी चाक दिसलं तेव्हा मला कळलं. मी ओरडलो, शिट्टी तोंडातून पडली. ड्रायव्हरनं उजवीकडं ओढलं, ट्रॅक्टर वाचला, पहिला ट्रेलर वाचला, दुसऱ्या ट्रेलरच्या मोळीनं साक्षीच्या खांद्याला धडक दिली. ती पुलाच्या कडेला जाऊन पडली. कठडा नाही तिथं. हातभर पुढं गेली असती तर खाली दगडांवर. हेल्मेटचे दोन तुकडे झाले.

ड्रायव्हर उडी मारून पळत आला. तो भागिनाथ होता. त्यानंच तिला उचललं, मागून येणारा पिकअप आडवा होऊन थांबवला. रविराजनं त्याच्या कानाखाली वाजवली. तो मार खात माझ्याकडं बघत होता. "सायेब, हॉर्न देत हुतो वो मी. सारखा देत हुतो." मी तिथं उभा होतो आणि काही बोललो नाही.

खांद्याजवळचं हाड मोडलंय, तीन बरगड्या गेल्यात. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, हेल्मेट होतं म्हणून.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी रविराज, बापूसाहेब आणि आणखी दोघं घरी आले. ट्रॅक्टर पोलिसांनी ताब्यात घेतलाय, भागिनाथ ठाण्यात आहे. त्याची बायको दोन लेकरं घेऊन दारात बसली आहे म्हणे. उद्या सगळ्यांचे जबाब. रविराजनं कागद लिहूनच आणला होता, 'ड्रायव्हरने हॉर्न न वाजवता निष्काळजीपणे...'

"आमी पुढं होतो काका. पुढच्या ट्रॅक्टरचं गाणं, आपली शिट्टी, सगळा गोंधळ. छातीठोक कुणालाच सांगता येईना. पण तुमी शेवटी होता. तुमच्या जबाबावर सगळं हाय. तुमी हॉर्न ऐकला का?"

मी म्हणालो, "नाही."

रविराजनं टेबलावर मूठ आपटली, "बस्स! मग मिटलं." बापूसाहेब म्हणाले, "देवमाणूस हाय तुमी, मनाला लावून घेऊ नका."

एक शब्द खोटा बोललो नाही मी. खरंच ऐकला नव्हता.

दुपारी दवाखान्यात गेलो. गंगाराम बाहेर बाकावर होता. माझ्याकडं बघितलं नाही. मी शेजारी बसलो. मग तो माझ्याकडं वळला आणि एकेक शब्द सुटा करून बोलला, मला ऐकू यावं म्हणून. तो गेला महिनाभर तसंच बोलत होता, ते मला तेव्हा कळलं.

"मला ठावं हुतं मान्या. त्या दिशी चढावरच कळलं मला. वैनीला बोललो, आरसा धाडला. पर तुझ्या तोंडावर बोललो न्हाय. मला बहिरा म्हणून प्रेसवरनं उठवलं, तवा काय वाटलं ते माझं मला ठावं. तुझं तसं करायला जीभ रेटली न्हाय. लाजंपायी माझी पोर गेली असती."

मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

साक्षीला भेटलो. हात गळ्यात बांधलेला, गालावर सगळं सोलपटलेलं. मी म्हटलं, पोरी, तुला काहीच ऐकू आलं नाही का मागनं? ती म्हणाली, "हॉर्न आला होता काका. पण तुमची लांब शिट्टी झाली ना. म्हटलं, काकांना बरोबर माहीत असंल." मग म्हणाली, "पोलीस उद्या विचारतील. तुमी म्हणाल ते सांगते मी. तुमचं नाव नको यायला."

बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि ढसाढसा रडलो. अठ्ठावीस वर्षांत एकाचंही बोट गेलं नाही म्हणून मिरवलं मी, आणि गंगारामची पोर चिरडायला निघालो होतो.

११ फेब्रुवारी, बुधवार

ठाण्यात सगळा ग्रुप जमला होता. हवालदारानं पहिला प्रश्न तोच विचारला. "तुमी शेवटी होता. हॉर्न ऐकला का?"

म्हटलं, "नाही ऐकला. पण त्यावर जाऊ नका. मला ऐकू येत नाही."

त्यानं पेन थांबवलं. "म्हंजे त्या दिवशी?"

"म्हणजे बरीच वर्षं. कंपनीत तपासणीला लबाडी करून पास व्हायचो. पाच तारखेला स्वतःची परीक्षा घेतली, एकतीस गाड्यांतल्या नऊ कळल्या. हे माहीत असून शिट्टी गळ्यात घातली. त्या पोरानं हॉर्न दिला. मोकळं मी म्हणालो. हे सगळं लिहा, आणि मी सही करतो."

मागं कुणीतरी खुर्ची सरकवली असणार, कारण मी वळलो तेव्हा रविराज उभा होता. काहीतरी बोलत होता, जोरजोरात. मी त्याच्या ओठांकडं बघत राहिलो. बापूसाहेबांनी त्याला हातानं खाली बसवलं. मी गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती लगेच उचलली नाही. नंतर उचलली.

हवालदार म्हणाला, नुसतं तोंडी चालायचं नाही, कानाचा रिपोर्ट आणा. भागिनाथला संध्याकाळी घरी जाऊ दिलं, केस अजून आहे. दारातून जाताना तो माझ्याजवळ थांबला. पाया पडेल की थोबाडीत मारेल, कळेना. त्यानं नुसतं विचारलं, "पोरगी बरी हाय का?"

घरी आल्यावर म्हाळसाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तिला सगळं माहीत होतं, कुकर कधी बिघडलाच नव्हता. मग पदर तोंडाला लावून बसली. तिचं ऐकलं असतं तर हे झालं नसतं, हेही तिला म्हणालो.

१४ फेब्रुवारी, शनिवार

कानाची तपासणी झाली.

तशीच काचेची खोली, तसाच हेडफोन, तसंच बटण. काचेपलीकडं एक पोरगी, साक्षीच्या वयाची. तिचं कोपर मला अगदी स्वच्छ दिसत होतं. जुनी खोड, नजर तिथंच गेली. मग मी डोळे मिटून घेतले.

सुरुवातीला दोन-चार आवाज आले, दाबलं. मग काही नाही. वाटलं, तिला फोन आला असेल. वाटलं, मशीन अडलं असेल. अंगठा बटणावर ठेवून बसून राहिलो, आता येईल, आता येईल करत. एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नाही. डोळे उघडायचा फार मोह झाला, उघडले नाहीत.

खांद्यावर हात पडला तेव्हा उघडले. पोरगी हेडफोन काढायला समोर उभी होती. "झालं काका," म्हणाली. कागदावर दोन रेघा होत्या, दोन्ही खाली खाली गेलेल्या. मला कळलं, ती सगळा वेळ आवाज सोडत होती.

बाहेर बाकावर गंगाराम बसला होता. मी त्याला बोलावलं नव्हतं, म्हाळसानं कळवलं असणार. साक्षी सोमवारी घरी येते, हे त्यानं हातानं खुणा करून सांगितलं. मग माझ्या हातातला कागद घेतला, उलटा धरला, सुलटा धरला, आणि काहीतरी बोलला. ओठ हललेले दिसले.

मी म्हटलं, "ऐकू आलं नाही. परत सांग."

त्यानं माझ्या कानाशी तोंड आणलं आणि मोठ्यानं विचारलं, "लागलं का स्टेशन?"

मी म्हटलं, "न्हाय रं गंगाराम."

तो माझा हात धरून तसाच बसून राहिला.